बनगरवाडी: पुस्तक घ्याच, पिक्चर नंतर बघा

परवा बनगरवाडी परत मागवलं, जुनी प्रत कुणीतरी वाचायला नेली ती गेलीच. पुस्तक लहानसंय, दोन बैठकीत संपतं. पार्सलमध्ये कोपरा दुमडून आला तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

लेखक व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली माडगूळला जन्मले, औंध संस्थानातलं माणदेशी गाव, पाऊस कमी आणि मेंढरं जास्त. तरुणपणी त्यांनी स्वतः मास्तरकी केलेली, म्हणून कादंबरीतला राजाराम मास्तर पहाटेच्या अंधारात वाट तुडवत वाडीकडे निघतो ना तेव्हा ते वाचलेलं वाटतच नाही, आपणच चालतोय असं वाटतं. आणि वाडीतल्या शेकूची बायको! दुसरा बैल मिळत नाही म्हणून स्वतः जू खांद्यावर घेते, मी ते पान वाचून पुस्तक मिटून गप्प बसले होते.

पिक्चर १९९५ चा, अमोल पालेकरांचा, मास्तर झालेत चंद्रकांत कुलकर्णी. माळरान, धनगरांची घरं, मेंढरं सगळं खरं दिसतं, उगाच नाचगाणी घुसडलेली नाहीत. पण पुस्तकात मास्तरच्या मनातलं जे चालू असतं, कारभाऱ्याचा रुसवा झाल्यावरची त्याची घालमेल वगैरे, ते पडद्यावर तेवढं पोचत नाही असं मला वाटलं. शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते ते मात्र दोन्हीकडे तितकंच लागतं.

आधी पिक्चर बघितलात तर मास्तरचा चेहरा ठरून जातो, म्हणून पुस्तकच आधी. माझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवतेय सध्या, तालीम बांधायला घेतात तिथपर्यंत आलोय.