परत खरेदीची हमी आणि दीड किलोचा ससा

ससेपालन सुरू करण्याच्या विचारात असलेल्या शेतकऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. 2021 च्या पावसाळ्यानंतर जत तालुक्यातील आमच्या वस्तीवर मी शेड उभारली, ती एका कंपनीच्या प्रतिनिधीच्या शब्दावर. 7 माद्या आणि 3 नर असे दहा सशांचे एक युनिट आम्ही पिंजऱ्यांसह विकत घ्यायचे आणि वाढवलेली पिल्ले कंपनीने ठरलेल्या दराने परत घ्यायची, अशी ती योजना होती. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा झाला आणि पत्नीचे दागिने गहाण ठेवून मी दोन युनिटांचे पैसे आगाऊ भरले.

पैदाशीचे ठिकाण पाहू द्या, असे मी म्हटले होते. बाहेरच्या माणसाबरोबर रोग येतो, म्हणून कोणालाच आत सोडत नाही, असे उत्तर मिळाले आणि ते मला पटले. ही काळजी चांगले पशुपालकही घेतात, हे खरे आहे. परंतु असा पशुपालक पिल्लांचे आईबाप शेडबाहेर आणून दाखवतो आणि नोंदवही तुमच्यापुढे उघडतो. मी या दोहोंपैकी काहीच मागितले नाही. माझे सगळे लक्ष करारनाम्यातील दराच्या ओळीवर होते.

ससे रात्री दहाच्या सुमारास टेम्पोतून, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये दाटीवाटीने आले. जात न्यूझीलंड व्हाइट, वय पाच महिने, असे पावतीवर लिहिले होते. विजेरीच्या उजेडात पांढरी फर आणि लाल डोळे दिसले, तेवढ्यावर मी सही केली. पहिल्याच आठवड्यात तीन ससे हगवणीने दगावले. माद्या म्हणून दिलेल्यांपैकी दोन पुढे नर निघाले. उरलेल्या माद्यांपैकी काही उशिरा गाभण राहिल्या, एकेका विणीत तीन-चारच पिल्ले झाली आणि बारा आठवड्यांची झाल्यावर त्यांतले एकही सव्वा किलोच्या वर गेले नाही.

तेव्हा करारनाम्यातील एका कलमाचा अर्थ मला कळला. तीन महिन्यांत दोन किलो वजन भरलेली निरोगी पिल्लेच कंपनी स्वीकारेल, असे ते कलम होते. न्यूझीलंड व्हाइट जातीचा पूर्ण वाढलेला ससा चार ते पाच किलोंचा होतो, आणि चांगल्या खाद्यावर त्याची पिल्ले तीन महिन्यांत दोन किलोंच्या आसपास पोहोचू शकतात, त्यामुळे वाचताना ती अट रास्त वाटते. मला मिळालेले ससे मात्र वर्षाचे झाल्यावरही दीड-पावणेदोन किलोंचेच राहिले, म्हणजे परत खरेदीची हमी आपल्याला पाळावी लागणार नाही, हे विकणाऱ्याला विक्रीच्या दिवशीच ठाऊक होते. तुमच्या खुराकात खोट आहे, एवढे सांगून प्रतिनिधीने पिल्ले नाकारली आणि पुढे फोन उचलणेही बंद केले. पोलिसांकडे अर्ज दिला, तेव्हा हा व्यवहार दिवाणी स्वरूपाचा आहे, असे सांगण्यात आले.

खरे शिक्षण त्यानंतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात झाले. डॉक्टरांनी माझ्या एका मादीचा पुढचा पंजा उलटा करून आतल्या बाजूचे चिकटून कडक झालेले केस दाखवले. सर्दी झालेला ससा त्याच पंजाने नाक पुसत राहतो, म्हणून विकणाऱ्याने नाक स्वच्छ करून आणले तरी पंजा खरे सांगतो. कान उघडले, तर आत खरजेच्या तपकिरी खपल्यांचे थर होते. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसावेत, वाकडे वाढलेले नसावेत, कारण हा दोष पिल्लांत उतरू शकतो; मागच्या पायांचे तळवे केसाळ असावेत, त्यांवर जखम नसावी; आणि शेपटीखालची जागा हलक्या हाताने दाबून नर-मादीची खात्री प्रत्येक जनावराची स्वतंत्रपणे करावी, हेही त्यांनी हातात ससा धरून शिकवले. पाच ते दहा माद्यांना एक नर पुरतो, मग चौदा माद्यांसाठी सहा नर कशाला, हा त्यांचा प्रश्न ऐकून मला फार वाईट वाटले. जास्तीच्या प्रत्येक नराचे पैसे मीच मोजले होते.

पैदाशीच्या सशांसाठी राजस्थानातील अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि तिचे कोडाईकनालजवळील मन्नवनूर येथील केंद्र यांची माहिती मला तेथेच मिळाली. मन्नवनूरला व्हाइट जायंट व सोव्हिएत चिंचिला या जातींवर काम होते. तेथून आणलेल्या सशांची पैदास करणारे एक पशुपालक मला वर्षभराने भेटले. त्यांच्या वहीत प्रत्येक सशाचा कानावरचा क्रमांक, आईबापांचे क्रमांक, विण्याची तारीख, जन्मलेली आणि दूध तुटेपर्यंत जगलेली पिल्ले, तसेच बाराव्या आठवड्याचे वजन लिहिलेले होते. मी दिवसाउजेडी गेलो, स्वतःचा काटा नेला आणि प्रत्येक ससा त्यावर ठेवला. त्यांनी एकदाही घाई केली नाही. चार माद्या निवडल्यावर मी एका धिप्पाड नरावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी वही चाळून तो देण्यास नकार दिला, कारण माझ्या चारपैकी दोन माद्या त्याच्या सख्ख्या बहिणी होत्या. दुसऱ्या वंशाच्या नरासाठी मला दीड महिना थांबावे लागले.