द्रवीकरणाचा धोका तपासताना: एसपीटी की सीपीटी?

भूकंपाच्या हादऱ्यांनी पाण्याने भरलेली सैल वाळू द्रवासारखी वागू लागते, त्याला द्रवीकरण म्हणतात. त्याचा धोका एसपीटीने (बोअरच्या तळाशी घण मारून नळी ठोकण्याची चाचणी) तपासायचा की सीपीटीने (शंकू जमिनीत दाबत नेण्याची चाचणी), हा प्रश्न गुजरातमधील कांडला-गांधीधामच्या खाडीपट्ट्यात पायाचे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकापुढे माती-तपासणीची निविदा काढताना येतोच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून वाळू-पाणी उसळले आणि कांडला बंदरातील कार्यालयाची मनोऱ्यासारखी इमारत पाइलवर (जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर) उभी असूनही कलली, हे या भागात काम करणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. आयएस १८९३ या भारतीय भूकंप-मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतील द्रवीकरण तपासण्याच्या पद्धतीचा पाया सीड आणि इड्रिस या अभियंत्यांनी १९७१ मध्ये घातला. तिच्यात एसपीटी आणि सीपीटी दोन्ही चालतात. भूकंपाची मागणी, म्हणजे हादऱ्यांनी वाळूवर येणारा ताण, दोन्हींकडे सारखीच काढली जाते. फरक पडतो तो वाळूचा प्रतिकार मोजण्यात, आणि माझ्या अनुभवात निर्णय तिथेच फिरतो.

एसपीटीची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. रिग कुठेही मिळते, खर्च आवाक्यात असतो, खडी लागली तरी काम अडून राहत नाही आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुना हातात येतो. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून किती माती जाते आणि ती चिकण आहे की नुसता गाळ, हे नमुना पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि द्रवीकरणाच्या हिशेबात या माहितीचे वजन मोठे आहे. सीपीटीत मातीचा प्रकार शंकूच्या टोकाचा रोध आणि बाजूचे घर्षण यांवरून ताडावा लागतो. गाळमिश्रित वाळूत हा अंदाज चुकू शकतो.

तरीही माझे मन एसपीटीवरून उडाले, ते गांधीधामजवळच्या साठवण-टाक्यांच्या एका कामावर. पाच मीटर अंतरावरच्या दोन बोअरमध्ये साडेसात मीटर खोलीवर एन व्हॅल्यू, म्हणजे नळी ठरावीक अंतर आत जायला लागलेले घाव, एकीकडे १४ आली, तर दुसरीकडे २७. झोन पाचच्या, म्हणजे तीव्र भूकंपक्षेत्राच्या, हिशेबाने पहिल्या बोअरचा सुरक्षा गुणांक (प्रतिकार भागिले मागणी; १ च्या खाली धोका) ०.५ च्याही खाली गेला आणि दुसऱ्याचा १ च्या वर राहिला; म्हणजे एका आकड्यानुसार संपूर्ण जमीन सुधारणे भाग होते आणि दुसऱ्यानुसार त्या थराला हात लावण्याचेही कारण नव्हते. मी दिवसभर रिगजवळ उभा राहिलो, तेव्हा कारण दिसले. पहिल्या बोअरवरचे कामगार रॉड झपाट्याने वर ओढत होते, बोअरमधले पाणी भूजलपातळीच्या खाली जात होते आणि तळातली वाळू उसळून केसिंगमध्ये (बोअरच्या संरक्षक नळीत) चढत होती. सॅम्पलर (नमुना घेणारी नळी) खाली सोडला की तो ठरल्या खोलीच्या वीतभर वरच टेकत असे. त्या उसळलेल्या, सैल वाळूवर घण मारून मिळालेला आकडा अहवालात जमिनीचा गुणधर्म म्हणून छापला गेला होता. भरीला ६३.५ किलोचा घण ७५ सेंटीमीटरवरून पडायचा असताना दोर ओढणाऱ्याचा हात दुपारनंतर थकत होता. घणाच्या प्रत्यक्ष ऊर्जेनुसार आकडा दुरुस्त करण्यासाठी लागणारे मोजमाप त्या कामावर कोणीच घेतले नव्हते.

नंतर त्याच दोन बोअरच्या मधोमध सीपीटी घेतली. शंकू सेकंदाला दोन सेंटीमीटरच्या ठरावीक वेगाने आत जातो, त्यामुळे थकणाऱ्या हाताचा प्रश्न येत नाही आणि बोअरच नसल्याने वाळू उसळायला जागाही नसते. साडेसात मीटरच्या आसपास रोध सलग १५ मेगापास्कलच्या घरात निघाला. दुसऱ्या बोअरचा आकडा खरा ठरला. मात्र ६.८ ते ७.१ मीटरदरम्यान एक सैल पदर दिसला, जो दोन्ही बोअरना सापडला नव्हता, कारण चाचण्या दीड-दीड मीटरवर, म्हणजे ६ आणि ७.५ मीटरवर घेतल्या होत्या. इतक्या पातळ पदराचा रोध शेजारच्या घट्ट थरांमुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त वाचला जातो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

एका जागेच्या अनुभवावरून सरसकट नियम करणे योग्य होणार नाही, हे मान्य आहे. जिथे खडी किंवा घट्ट जोडलेला थर आहे तिथे शंकू अडतो. अशा ठिकाणी छेद-तरंगांचा (जमिनीतून आडव्या कंपनांनी जाणाऱ्या लहरींचा) वेग मोजणे उपयोगी पडते, जरी पातळ पदर त्यात सहसा हरवतात. काम लहान असेल आणि सीपीटीची रिग दुरून आणावी लागणार असेल, तर एसपीटी घ्यायला हरकत नाही. फक्त बोअरमधले पाणी सतत भूजलपातळीच्या वर राखण्याची, रॉड सावकाश काढण्याची आणि वाळूच्या थरात दर ०.७५ मीटरला चाचणी घेण्याची अट निविदेतच लिहावी, आणि तळ मोजल्याशिवाय घण मारू देऊ नये.

परंतु पैसे मर्यादित असतील, तर मी आज सहा बोअरऐवजी चार सीपीटी आणि दोन बोअर घेईन, आणि बोअर नंतर घेईन. शंकूच्या आलेखात ज्या खोलीवर शंका आली, नेमक्या त्याच खोलीवरून नमुना काढून चाळणीला लावता येतो.