मालिका की चित्रपट? खान्देशातून अभिनयात जाऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलीने ‘मला ॲक्टिंग करायचीय’ म्हटलं की घरात पहिलं नाव निघतं स्मिता पाटील यांचं. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे राजकारणी, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी घरच्या लेकीचा जिव्हाळा आहे. पण त्यांची वाट नीट बघा. त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या, तिथून श्याम बेनेगलांच्या नजरेत आल्या आणि 1977 च्या ‘भूमिका’ने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पुढे 1982 या एकाच वर्षात ‘उंबरठा’ही आला आणि ‘नमक हलाल’ही. छोट्या पडद्याला कमी लेखणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

माझ्या मते निवड एका प्रश्नावर ठरते: काम नसलेल्या महिन्यांत मुंबईतलं भाडं कोण भरणार?

मालिकेत मोठी भूमिका मिळाली तर महिन्यातले वीस-पंचवीस दिवस शूटिंग असतं. शिफ्ट बारा तासांची, पण मेकअप आणि गोरेगाव, मढ किंवा घोडबंदर रोडपर्यंतचा प्रवास धरला की दिवस संपूनच जातो. मानधन दिवसावर ठरतं, आणि पैसे हातात यायला बहुधा तीन महिने लागतात. म्हणून भूमिका मिळाली तरी पहिल्या तीन महिन्यांचा खर्च घरून घेऊनच निघायचं. एकदा चक्र सुरू झालं की मात्र दर महिन्याला पैसे येतात, आणि चोपड्यापासून शहाद्यापर्यंत घराघरांत चेहरा ओळखीचा होतो. सीन अनेकदा सेटवरच हातात पडतो. त्यामुळे पाठांतर आणि कॅमेऱ्याची सवय इथे जेवढी पक्की होते तेवढी दुसरीकडे होत नाही. टीआरपी घसरला की ट्रॅक, म्हणजे आपल्या पात्राची गोष्ट, आखडतो, मालिका बंदही होते. आणि तीन वर्षं सोशिक सून केली की पुढचे फोनही सोशिक सुनेसाठीच येतात, हा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो.

चित्रपटात उलट. मराठी चित्रपटाचं शूटिंग महिना-दीड महिन्यात उरकतं. आधी वाचन, कधी कार्यशाळा, भूमिकेवर विचार करायला उसंत. अभिनयाचं खरं समाधान इथे जास्त, यात मला शंका नाही. पण चित्रपट पूर्ण झाला तरी प्रदर्शनाची तारीख कधी पडेल सांगता येत नाही, आणि दोन चित्रपटांमधला काळ रिकामा. नव्या मुलीला मिळणाऱ्या मानधनात तो निघत नाही.

वयाचं गणितही आताच बघून ठेवा. चित्रपटात चाळिशीनंतरच्या बाईसाठी लिहिलेल्या भूमिका मोजक्याच. मालिकांना मात्र आई, सासू, आत्या, मावशी रोज लागतात. पंचवीस वर्षं या कामावर घर चालवायचं असेल तर हे वजन मालिकेच्या पारड्यात पडतं.

तरी थेट मुंबईची गाडी पकडू नका. जळगावला राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे. कॉलेजात असतानाच तिथे उभ्या राहा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि प्रवेशाआधी पदवी व नाटकांचा अनुभव लागतो. जवळचं हवं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. मुक्ता बर्वे तिथेच शिकल्या, आणि नाटक, ‘जोगवा’सारखा चित्रपट, ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’सारखी मालिका असं तिन्हीकडे त्यांनी काम केलं. नाटकाचा पाया असला की असं इकडून तिकडे जाता येतं. आपल्या बोलण्यात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तालमींत दोन्ही उच्चार हवे तेव्हा काढता येतात. अहिराणी सोडू नका, ती जास्तीची भाषा आहे.

अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ हा घराजवळचा पर्याय. कॅमेऱ्यासमोरची भीती जाते, ओळख होते. पोटापाण्यासाठी मात्र त्यावर विसंबू नका.

माझा कौल असा: घरून दोन-तीन वर्षं आधार मिळणार असेल तर आधी प्रशिक्षण, मग चित्रपटांच्या ऑडिशन. स्वतःच्या पायावर राहायचं असेल तर नाटक करून मालिकेत शिरा, आणि पहिली मालिका संपली की लगेच तशीच दुसरी घेऊ नका.

आईवडिलांसाठी एक गोष्ट. ऑगस्ट 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केरळच्या हेमा समितीच्या अहवालाने मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांचा छळ चव्हाट्यावर आणला. म्हणून मुलीला रोखू नका, सोबत जा. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याला नकार द्या, हॉटेलच्या खोलीतली ऑडिशन टाळा. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती कोण आहे हे निर्मिती संस्थेला सही करण्याआधी विचारा. आणि करार चालू असताना दुसरं काम करता येईल का, हे त्याच बैठकीत लेखी घ्या.