जुना ऑल-इन-वन पीसी दुसरा स्क्रीन म्हणून: आठ महिन्यांनंतर

माझा ऑल-इन-वन पीसी, म्हणजे स्क्रीनमध्येच अख्खा संगणक असलेला, रोजच्या कामाला फारच संथ झाला होता, पण त्याचा २२ इंची फुल एचडी स्क्रीन अजून ठणठणीत होता. टाकवेना. म्हणून आठ महिने तो लॅपटॉपशेजारी दुसरा स्क्रीन म्हणून वापरतेय.

आधी सरळ एचडीएमआय केबल लावून पाहिली. काहीच दिसलं नाही, कारण अशा बहुतेक पीसींचं हे पोर्ट चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही. मोजक्या मॉडेलांना वेगळं ‘एचडीएमआय इन’ असतं. ते असेल तर बाकीचा खटाटोप नकोच.

माझ्याकडे नव्हतं, म्हणून मिराकास्ट, म्हणजे एका यंत्राचं चित्र एचडीएमआय केबलशिवाय दुसऱ्यावर पाठवायची सोय. जुन्या पीसीवर विंडोज १०च्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘वायरलेस डिस्प्ले’ घातलं आणि ‘प्रोजेक्टिंग टू धिस पीसी’ चालू केलं. लॅपटॉपवर विंडोज आणि के दाबून जोडायचं, मग विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचं.

पहिला महिना वैतागाचा गेला. मिराकास्टमध्ये चित्र व्हिडिओसारखं कॉम्प्रेस होऊन येतं. त्यामुळे माउस हाताच्या मागून सरकतो आणि बारीक रंगीत अक्षरांच्या कडा फिसकटतात. मध्येच चित्र अडकायचंही. दोन्ही यंत्रं राउटरला लॅन केबलने जोडली तेव्हा अडकणं जवळजवळ थांबलं. विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून मिराकास्ट स्थानिक नेटवर्कवरूनही जातं. मात्र एकमेकांना शोधण्यासाठी दोन्हीकडे वायफाय चालूच ठेवावं लागतं. हे कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून मुद्दाम सांगतेय.

माउसचा उशीर मात्र थोडा राहिलाच. मग कामाची वाटणी बदलली: टायपिंग लॅपटॉपवर, आणि संदर्भाची पीडीएफ, मेल, मोठा तक्ता त्या स्क्रीनवर. स्थिर मजकूर वाचायला तो खरंच छान आहे. भाषांतर करताना मूळ मजकूर सतत डोळ्यांसमोर राहतो, खिडक्या बदलत बसावं लागत नाही. मला हवं होतं ते एवढंच, आणि ते रोज मिळतंय.

एक काळजी घ्या. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून त्या पीसीवरची सगळी खाती काढली, ब्राउझरही उघडत नाही. शिवाय एका स्क्रीनसाठी अख्खा पीसी वीज खातो, हे मला खटकतं. आतल्या स्क्रीन पॅनेलचा नंबर पाहून त्याला जुळणारा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे बाहेरून आलेलं चित्र पॅनेलवर दाखवणारं सर्किट, बसवला तर तो साधा मॉनिटर होईल. मदरबोर्ड दगावला की तेच करणार आहे, तोवर असंच.