२.५ सीसीच्या इंजिनाच्या जागी मोटर : एका तयार विद्युत संचाचे परीक्षण

माझ्याकडे बाल्सा लाकडाचे, १२० सेंटिमीटर पंखविस्ताराचे एक जुने, रेडिओने जमिनीवरून उडवायचे सराव विमान आहे. ते अनेक वर्षे २.५ सीसीच्या ग्लो इंजिनावर उडत होते. मेथेनॉल, एरंडेल तेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणाचे त्याचे इंधन मिळवणे जिकिरीचे होत गेले आणि प्रत्येक उड्डाणानंतर विमानाच्या पोटावरचे एरंडेल पुसत बसण्याचा कंटाळाही येऊ लागला, म्हणून इंजिन काढून मोटर बसवायचे ठरवले. पुण्यातील एका दुकानात त्यासाठीचा तयार संच ५,४०० रुपयांना मिळाला. दुकानाचे किंवा संचावरच्या छापाचे नाव येथे देत नाही. हेच सुटे भाग निरनिराळ्या खोक्यांत भरून अनेक ठिकाणी विकले जातात आणि खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी त्या सगळ्यांना लागू पडाव्यात.

संचात ३५३६ या मापाची १००० केव्हीची (भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे घेणारी) ब्रशविरहित मोटर, ४० अँपिअरचा ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक, तीन सेलची २२०० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) लायपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, ११ इंच व्यास आणि ७ इंच पिच (एका फेऱ्यात पाते हिशेबाने पुढे सरकेल ते अंतर) असलेला प्रोपेलर, २५ सेंटिमीटरची जोडवायर, एक लहान चार्जर आणि जोडणीची आकृती छापलेला एक कागद होता.

यांपैकी मोटर निःसंशय चांगली आहे. तिचे वजन १०२ ग्रॅम भरले, बेअरिंग हाताने फिरवल्यास खरखरत नाहीत आणि प्रोपेलर बसवण्याचा अडॅप्टर मोटरच्या फिरत्या डब्यावर स्क्रूने घट्ट बसतो. शाफ्टवर नुसता आवळून बसणारा कॉलेट जोरात घसरण्याची भीती असते; ती येथे नाही. मापाच्या आकड्यांविषयी मात्र ग्राहकाने सावध असावे. ३५३६ मध्ये मोटरच्या बाहेरच्या डब्याचा व्यास ३५ मिलिमीटर आणि लांबी ३६ मिलिमीटर असते, तर बाजारात सर्वत्र दिसणाऱ्या २२१२ मोटरच्या नावातले आकडे आतल्या स्टेटरचे, म्हणजे गुंडाळी असलेल्या स्थिर भागाचे असतात आणि तिचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात २८ मिलिमीटरच्या आसपास भरतो. दोन मोटरींची नुसत्या आकड्यांवरून तुलना केली की माणूस फसतो, आणि दुकानातला विक्रेताही पुष्कळदा त्याच आकड्यांवर बोलत असतो.

१००० केव्हीच्या मोटरीला तीन सेलच्या बॅटरीवर किती मोठा प्रोपेलर झेपेल, यावर पुढचे सगळे गणित अवलंबून असते आणि संच नेमका तेथेच चुकला आहे. मी विमान टेबलाला बांधून, बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॉटमीटर लावून, संचातल्याच प्रोपेलरसह थ्रॉटल पूर्ण उघडला, तेव्हा मीटरवर ३४ अँपिअर आणि १०.८ व्होल्ट, म्हणजे सुमारे ३६७ वॉट दिसले. मोटरच्या चिठ्ठीवर कमाल प्रवाह २५ अँपिअर छापलेला आहे. ईएससी ४० अँपिअरचा असल्यामुळे तो तक्रार करत नाही, बॅटरीही तेवढा प्रवाह देते, आणि त्यामुळे जळायची वेळ येते ती मोटरच्या गुंडाळीवर. अर्ध्या मिनिटात डब्याला बोट लावणे अवघड झाले. दुकानात फोन केला तेव्हा विक्रेत्याने मोकळेपणाने सांगितले, “काका, लोकांना जोर पाहिजे असतो, म्हणून मोठा पंखा देतो.” तो खोटे बोलत नव्हता, मात्र तो जोर घेणारी मोटर किती दिवस टिकेल, हे त्याने खोक्यावर लिहिलेले नाही.

प्रोपेलरने घेतलेली शक्ती व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने आणि पिचच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे व्यास एक इंचाने कमी केला तरी फरक मोठा पडतो. १० इंच व्यास आणि ६ इंच पिचचा प्रोपेलर लावल्यावर तीच मोटर २२ अँपिअर आणि ११.५ व्होल्टवर, म्हणजे सुमारे २५३ वॉटवर स्थिरावली. उड्डाणासाठी सज्ज झालेले माझे विमान १,१६० ग्रॅमचे आहे, म्हणजे किलोमागे जवळजवळ २१८ वॉट झाले. मंद सराव विमानाला किलोमागे १५० ते १८० वॉट पुरतात हा नेहमीचा अंदाज लक्षात घेतला, तर या छोट्या प्रोपेलरवरही शक्ती शिल्लकच राहते. वॉटमीटर संचात नाही. मला विचाराल तर चार्जरऐवजी वॉटमीटर दिला असता तर संच अधिक उपयोगी झाला असता, कारण त्याच्याशिवाय ग्राहकाला मोटर मरेपर्यंत काहीच कळत नाही.

आता वायरिंग. संचाचा सर्वांत कच्चा भाग हाच आहे, आणि दोष मुख्यतः कागदावरच्या आकृतीत आहे. तिच्यात ईएससी मोटरला खेटून, बॅटरी पंखाखाली आणि दोहोंमध्ये ती २५ सेंटिमीटरची जोडवायर दाखवली आहे. वायर १६ गेजची, कडक पीव्हीसी आवरणाची आहे. जाऊन-येऊन अर्ध्या मीटरच्या या वायरीचा रोध साडेसहा मिलिओहम भरतो, म्हणजे २२ अँपिअरवर सुमारे ०.१५ व्होल्टची घट होते, आणि एवढी घट पाहून कोणीही म्हणेल की काही बिघडले नाही. खरी अडचण मल्टिमीटरवर दिसत नाही. ईएससी मोटरचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत असतो, आणि बॅटरीकडची वायर जितकी लांब तितके तिचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) अधिक, त्यामुळे प्रत्येक तोडीला व्होल्टेजची उसळी येते; ती गिळण्याचे काम ईएससीच्या तोंडाशी असलेल्या कपॅसिटरला करावे लागते. मी छोटा प्रोपेलर तोच ठेवून, अर्ध्या थ्रॉटलवर दोन-दोन मिनिटे, एकदा जोडवायरीसह आणि एकदा तिच्याविना मोटर चालवली. जोडवायरीसह कपॅसिटर स्पष्टपणे तापला, तिच्याविना तो कोमट राहिला. अंतर वाढवायचेच असेल तर बॅटरीच्या बाजूने न वाढवता मोटरच्या तीन वायरी लांब कराव्यात, हा जुना दंडक येथे अक्षरशः अनुभवाला आला.

माझ्या विमानात तर त्या जोडवायरीची गरजच नव्हती. इंजिन, सायलेन्सर आणि टाकी निघाल्यावर नाक हलके होते आणि आकृतीप्रमाणे बॅटरी पंखाखाली ठेवली तर गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटर मागे जातो. टाकीच्या कप्प्यात मात्र १०५ मिलिमीटर लांबीची बॅटरी आडवी व्यवस्थित बसली, तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर आला आणि ईएससी त्याच कप्प्याच्या तळाशी चिकटवता आला. वायर अपुरी पडली ती मोटरच्या बाजूला. प्रोपेलर इंजिनाच्या जुन्या जागी येण्यासाठी मोटर विमानाच्या नाकातल्या लाकडी भिंतीपासून सुमारे सहा सेंटिमीटर पुढे, लांब बोल्ट आणि नळकांड्यांवर बसवावी लागते, म्हणून तिच्या तिन्ही वायरी १४ गेजच्या सिलिकॉन वायरीने सात सेंटिमीटर वाढवल्या. या तीन वायरींचा क्रम लक्षात ठेवण्याची गरज नसते. मोटर उलटी फिरली तर कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात. संचातला मोटरचा फुलीच्या आकाराचा पाया त्या भिंतीवर एपॉक्सीने चिकटवण्याची सूचना कागदावर आहे, ती जुन्या इंजिनाच्या विमानात पाळू नये. वर्षानुवर्षे एरंडेल प्यालेल्या प्लायवूडवर एपॉक्सी धरत नाही. बोल्ट आरपार घालून मागे नट आवळणे हाच मार्ग, आणि इंजिनाला दिलेला उजवीकडचा व खालचा कल वॉशर घालून तसाच राखावा.

कनेक्टरचा गोंधळ निष्काळजीपणाचा आहे. बॅटरीवर पिवळा एक्सटी६०, ईएससीवर लाल टी-कनेक्टर आणि दोहोंचे लग्न लावणारा एक अडॅप्टर, म्हणजे एका जोडाच्या जागी दोन जोड. त्यातल्या टी-कनेक्टरवरचे सोल्डर मळकट आणि गोळा झालेले होते, आणि थोडे ओढताच काळी वायर हातात आली. हीच वायर हवेत सुटली असती तर मोटरबरोबर रिसिव्हरचीही, म्हणजे विमानातल्या रेडिओ संकेत घेणाऱ्या भागाचीही वीज गेली असती. मी तो काढून थेट एक्सटी६० लावला. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने एवढ्या जाड पितळी पिना तापत नाहीत आणि असाच मळकट जोड तयार होतो, म्हणून ६० वॉटचे, रुंद टोकाचे आयर्न वापरावे. सोल्डर करताना कनेक्टरची दुसरी बाजू त्यात खोचून ठेवली की नायलॉन मऊ झाले तरी पिना सरकत नाहीत. बॅटरीच्या बाजूचा कनेक्टर बदलायची वेळ आल्यास दोन्ही वायरी एकाच वेळी कापू नयेत. कात्रीचे पाते दोन्ही धातूंना टेकते आणि लायपो बॅटरी त्याचा हिशेब लगेच मागते.

रिसिव्हर आणि सर्व्हो, म्हणजे सुकाणूचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, यांना वीज देण्याची सोय ईएससीतच आहे. त्यावर ५ व्होल्ट, २ अँपिअर असे लिहिलेले आहे आणि ते कागदावर पुरेसे वाटते. मात्र हे मंडल रेषीय पद्धतीचे असल्याने बॅटरीचे उरलेले व्होल्टेज ते उष्णता करून टाकते. ११.५ व्होल्टचे ५ करताना सर्व्होंनी एक अँपिअर जरी ओढला तरी साडेसहा वॉटची उष्णता त्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात, आधीच तापलेल्या ईएससीच्या पोटात साचते. माझ्या विमानात जुने, मोठ्या आकाराचे चार सर्व्हो आहेत आणि ते एकदम हलले की एक अँपिअर ही काही फार मोठी मागणी नाही. मंडल तापून बंद पडले तर मोटर थांबेल, आणि त्याच क्षणी सुकाणूही हातचे जाईल. हलके, लहान सर्व्हो असणाऱ्या विमानाला हा भाग चालून जाईल; इंजिनावरून बदललेल्या विमानाला मी तो वापरू देणार नाही. स्विचिंग पद्धतीचा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्वतंत्र बीईसी (रिसिव्हर-सर्व्होंना वीज देणारे मंडल) थेट बॅटरीवर जोडला आणि ईएससीकडून रिसिव्हरला जाणाऱ्या तीन पदरी वायरीतली मधली लाल पिन प्लॅस्टिकची जीभ उचलून बाहेर काढली व तिच्यावर हीट श्रिंक नळी चढवली. काळी आणि संकेताची वायर मात्र राहिलीच पाहिजे, नाहीतर ईएससीला थ्रॉटल कळणार नाही.

ईएससीच्या सेटिंगबद्दल तक्रार नाही. ब्रेक बंद, व्होल्टेज कमी झाल्यावर मोटर एकदम न तोडता जोर हळूहळू उतरवणे, आणि सुरुवातीला सेलइतक्या शिट्या वाजवणे, हे सारे ठीक चालते. हातातला ट्रान्समीटर फुताबा कंपनीचा असेल तर थ्रॉटलची दिशा उलटी केल्याशिवाय ईएससी सज्ज होत नाही. कागदावर याचा उल्लेख नाही आणि यावर एखाद्याची अख्खी संध्याकाळ सहज जाईल. संकेत तुटल्यास थ्रॉटल शून्यावर येईल असा फेलसेफ जमिनीवरच, प्रोपेलर उतरवून तपासावा. इंजिनवाल्यांची सवय अशी की पात्याला टिचकी मारल्याशिवाय काही सुरू होत नाही. येथे बॅटरी लागली की पाते केव्हाही फिरू शकते, म्हणून आधी ट्रान्समीटर, मग बॅटरी, आणि हात पात्याच्या मागून.

बॅटरी अपेक्षेपेक्षा बरी निघाली. लेबलावरच्या ३५सी (क्षमतेच्या ३५ पट प्रवाह देण्याचा दावा) या आकड्यावर माझा विश्वास नाही, पण २२ अँपिअरच्या मागणीला ती दबत नाही. सात मिनिटांच्या उड्डाणानंतर चार्जर १,४०० ते १,४५० एमएएच परत भरतो, म्हणजे सुमारे तृतीयांश साठा हाती राहतो. संचातला चार्जर ०.८ अँपिअरच देतो, त्यामुळे पूर्ण भरण्यास तीन तासांच्या आसपास लागतात. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर साठवून ठेवण्याची सोय त्याच्यात नाही. पावसाळ्यात चार महिने विमान खुंटीला टांगायचे असेल तर भरलेली लायपो फुगते, तेव्हा साठवणुकीची सोय असलेला वेगळा चार्जर लागणारच.

हवा खेळती ठेवण्याबद्दल संच पूर्ण गप्प आहे. इंजिनाचे डोके उघड्यावर असते, त्यामुळे जुन्या विमानाच्या टाकीच्या कप्प्यात हवा शिरायला भोकच नसते. मी पुढच्या भिंतीत एक आणि पोटाखाली त्याच्या दुप्पट मोठे भोक पाडले. मे महिन्यातल्या दुपारी उतरल्यावरही ईएससीवर बोट टेकवता आले.

वेगळा बीईसी, सिलिकॉन वायर, एक्सटी६० च्या दोन जोड्या आणि दोन प्रोपेलर यांवर आणखी १,१५० रुपये गेले. चार्जर आणि वॉटमीटर माझ्याकडे आधीपासून होते. त्या दुकानात मोटर, ईएससी आणि बॅटरी सुट्याही मिळतात आणि तिघांची बेरीज संचापेक्षा ६०० रुपयांनी कमी होते. मी पुन्हा घेईन तर तशी सुटी घेईन, आणि ११ इंचांचा प्रोपेलर फुकट दिला तरी दुकानातच ठेवून येईन.