चोणक की मोडसो: गोव्यात मत्स्यबीज तयार करण्यासाठी कोणता मासा निवडावा?

गोव्यात समुद्री माशांची हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिले तयार करणारे केंद्र, काढू पाहणाऱ्याने चोणक (आशियाई सीबास) आणि मोडसो (कोबिया) या दोघांचा विचार आधी करावा, कारण दोघांच्याही बंदिस्त प्रजननाचे तंत्र देशात सिद्ध झालेले आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये चोणकाचे, तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१० मध्ये मंडपम येथे मोडशाचे प्रजनन यशस्वी केले.

मोडसो झपाट्याने वाढतो; उत्तम खाद्य मिळाल्यास वर्षभरात चार-पाच किलोंपर्यंत जातो. मात्र त्याचे प्रजनक मासे मोठे असल्याने त्यांना प्रशस्त टाक्या किंवा समुद्रातले पिंजरे लागतात. शिवाय त्याचे बीज खुल्या, खाऱ्या पाण्यात पिंजरे टाकणाराच घेणार, आणि पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात पिंजरे टिकवणे आपल्याकडे अवघड आहे.

चोणकाचे गिऱ्हाईक खाजनांतच, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींतच आहे. पावसात मांडवी-जुवारीच्या खाड्यांचे पाणी बरेच गोडे होते, तरी चोणक ते सोसतो. अंडी घालायला मात्र त्याला ३० पीपीटीच्या (दर हजार भाग पाण्यात ३० भाग मीठ) आसपासची क्षारता लागते, तेव्हा हॅचरी खाडीच्या आत न बांधता खुल्या किनाऱ्याजवळच बांधावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, वजन वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे सगळे प्रजनक एकाच वयाचे कोवळे घेतले तर टाकीत नुसते नरच राहतील.

पिलांना सुरुवातीला रोटिफर आणि मग आर्टेमिया या सूक्ष्म जलजीवांचे जिवंत खाद्य दोन्ही माशांत द्यावेच लागते. भावंडे खाण्याची खोडही दोघांत आहे. चोणकाची पिले सेंटीमीटरभर झाली की मोठे पिलू लहानाला गिळू लागते, आणि तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर लोंबत असलेले पिलू टाकीत सहज दिसते. दर तीन-चार दिवसांनी चाळणीने आकारवार निवड करणारी माणसे नसतील, तर उत्तम अंड्यांचाही उपयोग नाही.

म्हणून नवख्याने चोणकच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोही थेट हॅचरीपासून नव्हे. आधी बारीक पिले विकत आणून, त्यांची बोटुकली (बोटाएवढी पिले) करून खाजनवाल्यांना द्यावी, आणि त्याच काळात वेगवेगळ्या वयांचे प्रजनक मासे पाळायला घ्यावेत.