लायडारवाला फोन, आठ महिने आणि भाज्याचा २८वा खांब

लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांतल्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, २७ खांब आहेत. फोनवरच्या स्कॅनिंग अ‍ॅपने केलेल्या माझ्या पहिल्या स्कॅनमध्ये, म्हणजे त्रिमितीय मॉडेलमध्ये, २८ आले. तीनदा मोजले, तरी २८.

फोनची माहिती सगळीकडे आहे, ती पुन्हा देत नाही. मी तो सेकंडहँड घेतला, तोही फक्त लायडारसाठी, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरसाठी. आईचे गुडघे गेलेत, पायऱ्या चढवत नाहीत आणि भाजे तिला पुन्हा एकदा बघायचं होतं. तिला घरी टीव्हीवर लेण्यात फिरवून आणायचं ठरवलं.

त्या जादा खांबाने मला दोन महिने छळलं. स्तूपामागून फिरून सुरुवातीच्या जागी आलं की फोनला ती जागा ओळखता यायला हवी. इथे सगळे खांब अष्टकोनी, जवळजवळ बिनकोरीव, एकासारखा दुसरा. फोन गोंधळतो, हिशोब सरकतो आणि पहिला खांब हातभर अंतरावर पुन्हा उभा राहतो. अ‍ॅपवाल्यांना चार मेल केले. चारही वेळा उत्तर एकच, सावकाश चाला. अहो, मी पाऊल मोजून टाकत होतो! दरमहा पैसे घेऊन हे उत्तर? तेव्हा लिहायला बसलो असतो तर अ‍ॅपला एकच स्टार दिला असता.

संरक्षित स्मारक आहे, दगडाला काही चिकटवायचं नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते. शेवटी काही खांबांसमोर जमिनीवर वेगवेगळ्या वस्तू ठेवल्या. लाल पंचा, चौकटीची छत्री, उघडलेलं वर्तमानपत्र, जेवणाचा डबा. पुढच्या फेरीत बरोबर २७! पंचा टूरमध्ये अजून दिसतो, राहू दे.

छताला मात्र लायडार पुरत नाही. त्याचा पल्ला साधारण पाच मीटर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लाकडी कमानी स्कॅनमध्ये मेण वितळल्यासारख्या आल्या. त्यांचे वेगळे फोटो काढले, एक्स्पोजर (उजेडाची सेटिंग) लॉक करून, ढगाळ दिवशी, आणि लॅपटॉपवर फोटोंवरूनच छताचं मॉडेल केलं. त्याला रात्रभर लागली, पण कमान न् कमान सुटी दिसते.

अ‍ॅपबद्दलचं मत बदललं ते खांबांच्या कलामुळे. भाज्याचे खांब आत झुकलेले आहेत. साध्या फोटोत तो लेन्सचा दोष वाटतो, स्कॅनमध्ये मॉडेल फिरवून कल चक्क मोजता येतो. आईने टीव्हीवर बघताक्षणी विचारलं, "हे असे का रे कललेत?" लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब आत कलते ठेवायचे, कारागिरांनी दगडातही तीच रीत उतरवली, असं सांगितलं. मग तिने स्तूपाला आणखी एक फेरी घालायला लावली.

आता चार स्टार. वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका, लागेल तेवढे महिनेच भरा. पावसात ओला दगड चमकतो आणि स्कॅन फाटतं, म्हणून पुढची बेडसे लेणी आता पाऊस ओसरल्यावर.